मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सौदा

पाठीच्या कण्यातला सगळ्यात वरचा मणका, मणका म्हणून पाहिला तर अपुराच आहे. इतर कोणताही मणका हातात घ्या, पुढे हाडाचा एक जाडजूड ठोकळा दिसतो, मागे कमान आणि त्या कमानीतून मागे निघालेला काटा. पाठीवरून हात फिरवताना बोटांना लागतात ते हेच काटे. दोन ठोकळ्यांच्या मध्ये गादी असते. पहिल्या मणक्याला, म्हणजे ॲटलासला, यातलं बहुतेक काही नाही. ठोकळा नाही, काटा नाही, वर-खाली गादी नाही. उरतं ते एक कडं आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन भरीव भाग, ज्यांच्यावर अख्खी कवटी टेकलेली असते. याचा पडताळा स्वतःच्या मानेवर घेता येतो. कवटीच्या मागच्या कडेखाली मधोमध जो खळगा आहे, तिथे बोट ठेवून ते सावकाश खाली सरकवलं तर पहिला टणक उंचवटा लागतो तो दुसऱ्या मणक्याचा, ॲक्सिसचा. पहिला मणका खळग्यात खोल दडलेला असतो. त्याला गाठायचं तर कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे बोट खुपसावं लागतं. तिथे हळूच दाबल्यावर जे दुखरं टोक जाणवतं, ते त्याचं.

या उणिवा पाहिल्या की वाटतं, पाच किलोच्या आसपास वजनाचं डोकं ज्याने पेलायचं, त्या मणक्याला सगळ्यात जास्त मजबुती हवी होती. निसर्गाने नेमकं उलटं केलं आहे, आणि त्यामागचं कारण माझ्या मते सरळ आहे. कण्यातल्या बाकीच्या मणक्यांचा जोर भार पेलण्यावर आहे, तर वरच्या दोघांचा हालचालीवर. त्यांनी हाडाची मजबुती देऊन हालचालीची मोकळीक घेतली. या सौद्यात जे सुरक्षेचं काम हाडाकडून गेलं ते अस्थिबंधांच्या, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या, गळ्यात पडलं. मानेच्या या भागाचे आजार, तिथे होणाऱ्या दुखापती, त्यावरच्या शस्त्रक्रिया, इतकंच काय, सलूनमध्ये ‘मान मोडून’ घेण्याचा प्रश्न, हे सगळं या एका देवाणघेवाणीतून उलगडतं.

आधी हालचाल कशी वाटून दिली आहे ते पाहू. कवटीच्या तळाला एक मोठं भोक आहे, त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. भोकाच्या दोन्ही कडांना एकेक गुळगुळीत उंचवटा आहे आणि हे उंचवटे ॲटलासवरच्या दोन खोलगट जागांत बसतात. या जागांच्या कडा चढत्या असल्यामुळे डोकं पुढे-मागे वीस-पंचवीस अंश झुकतं, पण वळायला गेलं तर पाचेक अंशांतच अडतं. नंदीबैलासारखी मान हलवून ‘हो’ म्हणायची ती मुख्यतः या सांध्यातून. ‘नाही’ म्हणण्याचं काम त्याच्या खालच्या सांध्याचं. ॲक्सिसच्या ठोकळ्यातून दाताच्या आकाराचं एक हाड दीडेक सेंटीमीटर वर उभं राहतं. ते ॲटलासच्या कड्यात पुढच्या बाजूला शिरतं आणि कडं त्याच्याभोवती फिरतं. जात्याच्या खालच्या तळीत मधोमध लोखंडी खुंटी असते आणि वरची तळी तिच्याभोवती फिरते, तीच ही रचना. फरक एकच, पण महत्त्वाचा: जात्यात खुंटी चारी बाजूंनी दगडाने वेढलेली असते. मानेत तिच्या पुढे हाड आहे आणि मागे फक्त एक आडवा अस्थिबंध.

या एका सांध्यातून डोकं प्रत्येक बाजूला साधारण चाळीस अंश वळतं. संपूर्ण मान एका बाजूला ऐंशी-नव्वद अंश वळते असं धरलं, तर जवळजवळ निम्मं वळण एकट्या या जोडीचं, आणि उरलेलं निम्मं खालच्या पाच मणक्यांनी मिळून केलेलं. फिजिओथेरपिस्ट याचा उपयोग तपासणीत करून घेतात. रुग्णाला पाठीवर झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण झुकवली की खालचे सांधे ताणून अडकतात. मग डोकं डावी-उजवीकडे वळवून पाहिलं की जे वळण मिळतं ते बहुतांशी वरच्या सांध्याचंच असतं. एका बाजूला ते कमी भरलं, तर डोकेदुखीचं मूळ मानेत असल्याची शंका बळावते. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि चेहऱ्याच्या संवेदना मेंदूच्या खालच्या भागात एकाच ठाण्यावर पोचत असल्यामुळे, दुखणं मानेत असताना कळ डोळ्यामागे उठते. अशी डोकेदुखी घेऊन माणूस आधी चष्म्याचा नंबर तपासायला जातो, हे ओघानेच आलं.

मग ॲटलासचा ठोकळा गेला कुठे? तो हरवलेला नाही, शेजाऱ्याने घेतला आहे. ॲक्सिसवरचं ते दाताच्या आकाराचं हाड म्हणजे मुळात ॲटलासचाच ठोकळा. गर्भात तो पहिल्या मणक्याचा भाग म्हणूनच आकार घेऊ लागतो आणि पुढे दुसऱ्याला जाऊन चिकटतो. हे चिकटणं जन्मानंतरही चालू असतं. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान सांध भरून येते, तोवर लहान मुलाच्या एक्स-रेत तिथे एक आडवी रेघ दिसते आणि सराव नसलेल्या डोळ्याला ती फ्रॅक्चर वाटू शकते. मोठ्या माणसाचं हे हाड एक्स-रेत नीट पाहायचं तर रुग्णाला तोंड मोठ्ठं उघडायला सांगतात, कारण ते बरोबर घशाच्या मागे असतं. मान तपासायची आणि आ करायला लावायचं, हे विचित्र वाटलं तरी कारण एवढंच.

ही मांडणी एकदम अवतरलेली नाही. माशाला मान नसते. त्याची कवटी खांद्याच्या हाडांना जोडलेली असते, आणि वळायचं तर सगळं अंगच वळवावं लागतं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समीअर बेटावर २००४ साली सापडलेल्या टिकटालिक या साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात कवटी खांद्यापासून सुटलेली दिसते. बेडकाला मानेचा एकच मणका, त्यामुळे त्याचं डोकं थोडं वर-खाली होतं, वळत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांत आणि पक्ष्यांत ॲटलास आणि ॲक्सिस दोन्ही असतात, पण कवटीला टेकण्यासाठी एकच उंचवटा असतो, तोही भोकाच्या खालच्या कडेला. सस्तन प्राण्यांत तो दुभंगून भोकाच्या दोन बाजूंना गेला. यातला फायदा नीट पाहण्यासारखा आहे. डोकं झुकण्याचा आस आता मज्जारज्जूच्या बाजूने जात नाही, जवळपास त्याच्याच पातळीतून जातो. म्हणून मान झुकली तरी रज्जूला फारसा ताण बसत नाही. मात्र दोन उंचवटे झाल्यावर त्या सांध्यात वळणं जवळपास अशक्य झालं आणि ते काम मुख्यतः खालच्या सांध्यावर गेलं.

इथे कुणी घुबड पुढे करील. घुबडाला एकच उंचवटा आहे, तरी ते डोकं २७० अंश वळवतं. मग आपल्या मांडणीचं एवढं कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे, पण घुबडाच्या मानेत चौदा मणके आहेत हे विसरून चालणार नाही. ते वळण अनेक सांध्यांत वाटून घेतं. शिवाय त्याच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी ज्या छिद्रांतून जाते, ती छिद्रं वाहिनीच्या दसपट रुंद असल्याचं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे. एवढी मोकळी जागा असल्यामुळेच मान पिळली तरी रक्त थांबत नाही. सस्तन प्राण्यांना ही सोय नाही. उंदीर असो, माणूस असो की जिराफ, मानेत मणके सातच. या नियमाचे अपवाद हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक माझ्या म्हणण्याला दुजोराच देतो: तीन बोटांच्या स्लॉथला मानेचे आठ-नऊ मणके असतात आणि तो मान आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वळवतो. मणक्यांची संख्या वाढवता येत नसेल तर वळणासाठी एक खास जोडी तयार करणं, एवढाच मार्ग उरतो. आपल्याला घुबडाइतकी गरजही नाही म्हणा. त्याचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले आहेत, आपले फिरतात.

आता या मोकळिकीची किंमत. ॲटलासच्या कड्यात पुढून मागे जेवढी जागा आहे, तिचे ढोबळमानाने तीन भाग पडतात, असं अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॉवर्ड स्टील यांनी १९६८ साली मांडलं: एक भाग ते दाताच्या आकाराचं हाड, एक भाग मज्जारज्जू आणि एक भाग मोकळा. हा मोकळा भाग साधारण एक सेंटीमीटर. आडवा अस्थिबंध शाबूत असेल तर प्रौढ माणसात हाड आणि कड्याची पुढची कमान यांच्यातलं अंतर तीन मिलिमीटरपलीकडे जात नाही. अस्थिबंध सैल पडला किंवा तुटला, की प्रत्येक वेळी मान पुढे झुकवताना कडं पुढे घसरतं, हाड मागे राहतं आणि मोकळी जागा संपली की रज्जू चेपला जातो. श्वासाच्या पडद्याला हलवणाऱ्या नसा या जागेच्या खालच्या पातळीवरून निघतात. म्हणून इथला मोठा आघात हातपायांबरोबर श्वासही बंद पाडू शकतो.

हाडाला काहीही न होता केवळ बांधणी ढिली पडल्याने माणूस संकटात येतो, याची उदाहरणं भरपूर आहेत. संधिवाताच्या र्‍हुमॅटॉइड प्रकारात सांध्याभोवती वाढणारी सुजलेली ऊती हाच अस्थिबंध पोखरते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांत एक्स-रेवर तो सैल दिसतो. प्रत्यक्ष त्रास त्यातल्या थोड्यांनाच होतो, पण कोलांटउड्यांसारखे खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं असं सांगितलं जातं ते याचसाठी. लहान मुलांत घशाच्या साध्या संसर्गानंतरही सूज मागे पसरून हा सांधा सरकू शकतो आणि मूल मान तिरकी धरून बसतं. याच्या उलट उदाहरण ॲटलास फुटण्याचं. उथळ पाण्यात सूर मारताना डोकं तळावर आपटलं की वरून आलेला दाब दोन भरीव भागांना बाहेर ढकलतो आणि कडं फुटतं. जेफ्री जेफर्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२० साली या फ्रॅक्चरचं वर्णन केलं. हाडाचे तुकडे होऊनही अशा रुग्णाचा मज्जारज्जू पुष्कळदा वाचतो, कारण कडं फुटताना जागा कमी होत नाही, वाढते. म्हणजे इथे हाड अखंड असण्यापेक्षा जागा शाबूत असणं जास्त मोलाचं ठरतं.

या विषयात मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं, हे मराठी वाचकांना फारसं माहीत नसतं. या भागात जन्मजात दोष असलेले रुग्ण भारतात बरेच आढळतात. कवटीला चिकटून आलेला ॲटलास, किंवा ॲक्सिसपासून सुटं राहिलेलं ते दाताच्या आकाराचं हाड, अशी त्यांची रूपं. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९६७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेचा प्रश्न मात्र अवघड होता. तारेने दोन मणके मागून बांधायची पद्धत जुनी होती, पण तार सैल पडे आणि रुग्णाला महिनोन्‌महिने मान जखडून ठेवावी लागे. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. व्ही. के. लाहेरी यांनी १९९४ साली वेगळा मार्ग मांडला: ॲटलासच्या त्या दोन भरीव भागांत आणि ॲक्सिसमध्ये थेट स्क्रू घालून ते पट्टीने जोडायचे. पुढे २००१ साली जर्मनीतल्या हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडी आणि वळते स्क्रू वापरले. आज जगभर ही पद्धत गोयल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. आपल्या मुद्द्यासाठी या शस्त्रक्रियेचा परिणाम महत्त्वाचा आहे. स्क्रू बसले, सांधा पक्का झाला, रज्जू वाचला आणि मानेचं वळण जवळपास निम्म्यावर आलं. मोकळीक देऊन मजबुती परत घेतली; शल्यविशारद हा सौदा उलटा फिरवतो, तिसरा पर्याय त्यालाही सापडलेला नाही.

एक गैरसमज जाता जाता दूर करायला हवा. ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’, ‘गादी झिजली’ हे आपल्याकडचे घरोघरी बोलले जाणारे शब्द या दोन सांध्यांना लागू नाहीत, कारण इथे गादीच नाही. मानेची ती झीज प्रामुख्याने पाचव्या ते सातव्या मणक्यांच्या दरम्यान होते. मोबाइलमध्ये तासन्‌तास मान घालून बसल्याचा भारही मुख्यतः तिथेच पडतो. पुढे काढलेल्या मानेने समोर पाहायचं तर वरचे सांधे मागे वाकवावे लागतात आणि कवटीखालचे छोटे स्नायू सतत आखडलेले राहतात, एवढाच त्यांचा वाटा. या छोट्या स्नायूंत ताण मोजणारी टोकं मात्र भरमसाट आहेत. डोकं कुठे आहे हे मेंदूला कळवण्याचं काम ती करतात.

आता सलूनकडे. दाढी-कटिंग झाल्यावर डोकं चेपून, हनुवटी आणि डोकं धरून न्हावी एका झटक्यात मान वळवतो, कट्‌कन आवाज येतो आणि गिऱ्हाईक सुखावतं. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा, त्यात काही मोडत नाही. चिंता आवाजाची नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि ॲटलासवर पोचल्यावर त्याच्या मागून वळसा घेऊन कवटीत शिरतात. चाळीस अंशांचं वळण सोसायला हा वळसा लागतोच. पण डोकं एका बाजूला टोकापर्यंत वळलं की दुसऱ्या बाजूची धमनी ताणली जाते. धनुष्य ताणताना मान वळवून धरणाऱ्या तिरंदाजाला झालेल्या पक्षाघातावरून १९७८ साली या प्रकाराला नावही मिळालं. झटक्याने वाहिनीचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ साली केस धुताना मान बेसिनवर मागे टाकल्यानंतर असा त्रास झालेल्या पाच स्त्रियांची नोंद केली होती.

यावर काही जण म्हणतील की लाखो लोक वर्षानुवर्षं मान मोडून घेतात, कुणाला काय झालं? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. कॅनडातल्या ओन्टारियो प्रांतात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा कोटींहून अधिक व्यक्ती-वर्षांच्या नोंदींत अशा पक्षाघाताचे ८१८ रुग्ण सापडले, आणि मान वळवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांत धोका साध्या डॉक्टरकडे गेलेल्यांपेक्षा जास्त दिसला नाही. संशोधकांचा अर्थ असा: धमनी आधीच फाटलेली असते, मान-डोकं दुखू लागतं आणि म्हणून माणूस उपचाराला जातो. म्हणजे हे क्वचित घडतं आणि प्रत्येक वेळी दोष झटक्याचाच असतो असं नाही, हे मान्य. पण याच अभ्यासातून दुसरी गोष्ट निघते, ती सलूनच्या विरोधात जाते. मान दुखते म्हणूनच माणूस ती मोडून घ्यायला उत्सुक असतो, आणि त्या दुखणाऱ्यांत थोडे असे असतात ज्यांच्या मानेला झटका अजिबात चालणार नाही. प्रशिक्षित माणूस निदान चार प्रश्न विचारतो. न्हावी विचारत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या ॲटलासची जन्मजात ठेवण कशी आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. मिळणारा फायदा घटकाभराच्या सुखाचा असेल तर एवढा अंधारातला धोका घेण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मान दुखण्याबरोबर चालताना तोल जाणं, हातांना मुंग्या येणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं असं काही दिसलं, तर मालीश करत न बसता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. वयस्क माणूस घरात पडल्यावर मान दुखते म्हणाला, तर ॲक्सिसवरचं ते हाड मोडलेलं असण्याची शक्यता असते. त्याला बसतं-उठतं न करता, मान न हलवता दवाखान्यात न्यावं. अचानक उठलेली अनोळखी मानदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं किंवा बोबडी वळणं हे एकत्र आलं तर तडक मोठं रुग्णालय गाठावं, कारण अशा वेळी तासांना किंमत असते. आणि पुढच्या कटिंगच्या वेळी न्हाव्याने हनुवटीला हात घातला की ‘मान राहू द्या, डोकं चेपा’ एवढं म्हटलं तरी पुरे.